तिसरा पाहुणा

टिंग. मग जरा थांबून, टिंग-टिंग.

दुपारची सामसूम होती. पारी सुकू नये म्हणून विशाखाने पंखासुद्धा बंद ठेवला होता आणि ओट्याशी उभी राहून ती करंज्या भरत होती. स्टीलच्या वाटीच्या काठावर चमचा वाजला, एक सावकाश आणि दोन घाईचे, आणि तिच्या हातातली करंजी कातायची फिरकी निसटून फरशीवर गरगरत गेली.

ती धावली. गॅस बंद करायचं भान राहिलं नाही, हात पिठाचे तसेच. बाहेरच्या खोलीच्या दारात आली तेव्हा तिच्या तोंडात एक नाव आलेलं होतं. ते तिने दातांखाली धरलं.

टेबलाशी जुई बसली होती. आठ वर्षांची, दोन वेण्या, पुढ्यात भडंगाची वाटी. हातातला चमचा वर धरून ती आईकडे बघत होती.

"काय गं हे?"

"कुठे काय?"

"हे वाटी वाजवणं. कुणी शिकवलं तुला?"

"वाटी वाजवायला काय क्लास लावावा लागतो होय?" जुई म्हणाली. "हाताला वाटलं, वाजवली."

"परत नको वाजवूस."

"का?"

या घरात 'का' फार जपून घ्यावा लागे. गावाकडून चुलतआजीचा फोन यायचा, "धाकटी कशी आहे?" मग जुई विचारायची, मी एकटीच आहे, तर धाकटी कशी? आपला पाळणा नवा होता म्हणतेस, मग त्याच्या कठड्यावर दातांचे वण कुणाचे? बाबा कुठल्याही दवाखान्यासमोरचा रस्ता का टाळतात? प्रत्येक 'का'ला विशाखाने एकेक उत्तर रचून ठेवलं होतं, आणि ती उत्तरं एकमेकांशी भांडू नयेत म्हणून ती सतत सगळ्यांवर नजर ठेवून असे. जुईच्या जन्मानंतर नाशिकहून सांगलीला बदली मागून घेतली तीही त्यासाठीच. इथे कुणाला काही माहीत नव्हतं.

"कढई जळतेय आई," जुई म्हणाली. विशाखा मागे वळली, तोवर ती पुढे बोललीच. "आणि ऐक ना. माझ्यात तीन पाहुणे निघाले!"

*

पाहुणे म्हणजे पाहुण्या पेशी. शाळेत सुट्टीपूर्वी ते यंत्र आलं होतं, साबणाच्या वडीएवढं, आणि हर्षदा टीचरांनी प्रत्येकाला आठवडाभर घरी न्यायला दिलं होतं. प्रकल्पाचं नाव 'आमचे पाहुणे'.

गोष्ट तशी जुनीच. बाळ पोटात असताना त्याचं रक्त आणि आईचं रक्त यांच्यामध्ये नाळेची भिंत असते, असं आपण शिकतो. भिंत कसली, कुडाचं कुंपण ते. बाळाच्या थोड्या पेशी त्यातून आईकडे येतात, आईच्या थोड्या बाळाकडे जातात. पुढे बाळ जन्मतं, नाळ कापली जाते, पण आलेले पाहुणे परत जात नाहीत. कुणी हाडाच्या पोकळीत, कुणी काळजात बिऱ्हाड थाटतो आणि वर्षानुवर्षं राहतो. त्याच आईच्या पोटी दुसरं बाळ आलं की पहिल्याच्या काही पेशी त्याच्याकडेही वस्तीला जातात. म्हणजे थोरला अंगणात खेळत असतो आणि त्याचा एक कण धाकट्याच्या रक्तात फिरत असतो. अशी पेशी लाखांत एखादी. ती हुडकणं म्हणजे तांदळाच्या कोठारात एक खडा शोधणं. नव्या यंत्राला ते जमू लागलं होतं. रक्ताचा एक थेंब दिला की ते एकेक पेशी वेगळी उघडून वाचायचं आणि पडद्यावर पाहुण्यांची मोजदाद मांडायचं.

"एक तू," जुई बोटांवर मोजत म्हणाली. "दुसरी आज्जी, ती तुझ्यातून आलीय. आणि तिसरा एक मुलगा आहे."

"मुलगा?"

"म्हणजे पुरुष. टीचर म्हणाल्या, आईच्या वाटेने आलाय. सान्वीमध्ये तिचा दादा निघाला. मला तर दादाच नाही. मग हा कोण?"

विशाखाने कढईतल्या काळ्या पडलेल्या करंज्या झाऱ्याने काढल्या. तिची पाठ जुईकडे होती. उत्तर शोधायला तिला तेवढाच वेळ मिळाला, पण ते सापडलं, आणि इतकं चोख सापडलं की तिला स्वतःचीच भीती वाटली.

"अगं, तो गिरीशमामा असणार. मामा आणि मी एकाच आईचे ना? त्याच्या पेशी आज्जीत राहिल्या, आज्जीकडून माझ्यात, माझ्याकडून तुझ्यात."

"पण मामा तुझ्यापेक्षा लहान आहे. तू आधी जन्मलीस, मग त्याच्या पेशी तुझ्यात कशा येतील?"

विशाखाने झारा खाली ठेवला. मग म्हणाली, "दूध पिताना. मी मोठी होईपर्यंत आज्जीचं दूध प्यायचे. दुधातूनही येतात."

"अय्या, शी!" जुई हसत सुटली. हसता हसता थांबून म्हणाली, "बरं. भाऊबीजेला मामा येणारच आहे. त्याचा थेंब घेऊन जुळवून बघते."

*

संध्याकाळी निनाद स्टुलावर चढून आकाशकंदील टांगत होता आणि विशाखा खालून दोरी धरून उभी होती. जुई खाली अंगणात किल्ल्यावर हळीव पेरत होती.

"सांगून टाकूया," निनाद वरून म्हणाला. "एक दादा होता, आजारी होता, गेला. मुलं समजून घेतात."

"आणि पुढे? ती तिथे थांबणारेय? बापाची मुलगी आहे, खोदत खोदत पार तळाला जाईल."

तळाशी काय होतं ते दोघांनाही ठाऊक होतं. श्रीरंगला, रंगाला, थॅलेसेमिया होता. महिन्या-महिन्याला बाहेरचं रक्त घेऊन तो जगत होता. त्यातून सुटायचं तर जुळणारा बोन मॅरो हवा, आणि तो जुळायची खरी आशा सख्ख्या भावंडात. मग डॉक्टरांनी दोघांच्या बीजांपासून बाहेर काही गर्भ तयार केले, तपासले, आणि ज्याला आजार नव्हता व जो रंगाशी तंतोतंत जुळत होता तेवढाच विशाखाच्या पोटात ठेवला. ती जुई. तिच्या नाळेतलं रक्त रंगाला द्यायचं होतं. जुईच्या वेळी विशाखाला सातवा महिना लागला असताना रंगाला ताप आला. साधाच वाटला. नाळ कापायची वेळ आली तेव्हा ती द्यायला कुणी उरलं नव्हतं.

"औषध म्हणून आणलं होतं हिला, असं कळेल तिला," विशाखा म्हणाली. "आणि रोगी गेल्यावर उरलेलं औषध. निनाद, आपण तिचं बारसंसुद्धा केलं नाही रे. कुणाच्या अंगात बळ होतं?"

कंदील वाऱ्याने निनादच्या हातात फिरत राहिला.

"आज तिने वाटी वाजवली," विशाखा हळूच म्हणाली. "रंगासारखी. एक सावकाश, दोन घाईचे."

रंगाला शेवटी शेवटी हाक मारण्याइतकाही दम नसायचा. म्हणून उशाशी वाटी आणि चमचा ठेवलेला असे.

"योगायोग," निनाद म्हणाला.

"त्या पेशी मेंदूतही जाऊन बसतात म्हणे."

"विशाखा, पेशीला वाटी आठवत नाही."

हे त्याने शास्त्र शिकवणाऱ्या माणसाच्या ठामपणे सांगितलं खरं. पण स्टुलावरून उतरल्यावर तो सरळ आत गेला आणि भांड्यांच्या मांडणीवरची ती वाटी उचलून वरच्या फडताळात मागे सारून आला. दुसऱ्या दिवशी ती परत जुईच्या पुढ्यात होती.

*

भाऊबीजेच्या सकाळी गिरीशमामा आला तो कुरकुरतच. "कसल्या या विनाचालक गाड्या! चहाला थांब म्हणायला माणूस नाही, आणि भांडायला तर नाहीच नाही." पिशवी ठेवली, जुईच्या वेण्या ओढल्या आणि बहिणीकडे बघून एक डोळा बारीक केला. विशाखाने फोनवर त्याला बजावून ठेवलं होतं, काही झालं तरी थेंब द्यायचा नाही.

"मामा, बोट दे."

"छे छे! मी ओवाळणी घालायला आलोय का रक्तदानाला? सुईला भितो मी, विचार तुझ्या आईला. लहानपणी इंजेक्शन म्हटलं की माळ्यावर चढून बसायचो."

"मग रोज साखर कशी बघतोस?"

"ते वेगळं. ते आपल्या हाताने."

जुई "बरं" म्हणाली आणि निघून गेली. विशाखाला हायसं वाटलं, पण मुलीचं ते "बरं" तिला ओळखता यायला हवं होतं. हल्ली सगळे मनगटाला लावायच्या चकतीवर साखर बघायचे. मामा मात्र अजून जुन्या पद्धतीने बोट टोचायचा आणि रक्ताची पट्टी बेसिनवर टाकून द्यायचा.

विशाखाने भावाला पाटावर बसवलं, टिळा लावला, सुपारी आणि अंगठी उतरवून निरांजन ओवाळलं. गिरीशने ताटात साडीची पिशवी ठेवली आणि दोन लाडू एकदम उचलले. "साखर बघितलीय आज, चांगली आहे," असं म्हणून त्याने पहिला तोंडात घातला तोच जुई यंत्र घेऊन दारात येऊन उभी राहिली.

"तिसरा पाहुणा मामा नाही," ती म्हणाली.

विशाखाने ताट पाटाशेजारी टेकवलं.

"मी तुझी पट्टी घेतली, रागावू नकोस. आणि बाबांनी दाढी करताना कापून घेतलं होतं, तो कापूस घेतला." ती पडद्यावरचं एकेक अक्षर लावत वाचू लागली, पुस्तकातला धडा वाचावा तशी. "पाहुणा क्रमांक तीन. याचे वडील, माझे बाबाच. मामाचं याच्याशी नातं माझ्याशी आहे तेवढंच. म्हणजे मामा, तुला अजून एक भाचा आहे."

गिरीशच्या गालात लाडू तसाच राहिला. निनाद दारातून आत आला आणि तिथेच भिंतीला टेकला.

"याला रक्ताचा आजार आहे असंही लिहिलंय," जुई म्हणाली. "आहे. होता नाही लिहिलेलं." मग तिने मान वर केली. "आणि आम्ही पूर्ण जुळतो. मी आणि तो. सान्वी आणि तिचा दादा पूर्ण जुळत नाहीत. टीचर म्हणाल्या, चार भावंडांत कुणी एखादं जुळतं, ते नशीब."

"जुई बाळा," विशाखा म्हणाली, "यंत्र चुकतं कधी कधी."

बोलताक्षणीच तिला कळलं की हे उत्तर रचलेलंही नाही, नुसतंच खोटं आहे. जुईने यंत्र छातीशी धरलं आणि आपल्या खोलीत गेली. दार लावून घेतलं नाही, नुसतं लोटलं.

*

भाऊ नसलेल्या मुलीने चंद्राला ओवाळायचं असतं. जुई दरवर्षी ओवाळायची. बीजेची कोर ती, सूर्यामागोमाग बुडते, म्हणून दिवस मावळला की गच्चीवर नुसती धावपळ. त्या संध्याकाळीही विशाखाने ताट तयार केलं. कोर पश्चिमेला, टाकीच्या मागे नखाएवढी दिसत होती. ताट घ्यायला ती देवघरात गेली तर ताट जागेवर नव्हतं.

जुईच्या खोलीत दिवा नव्हता. लोटलेल्या दाराच्या फटीतून उजेड हलत होता.

आत कपाटाच्या आरशासमोर पाट मांडला होता, पाटाभोवती वेडीवाकडी रांगोळी. जुई आरशाकडे तोंड करून बसली होती. वेण्या सोडून तिने केस मागे घट्ट बांधले होते. गेल्या वर्षी सायकलवरून पडून कपाळाला टाके पडले होते. त्या वणावर तिने कुंकवाचा टिळा ओढला होता, उभा, मुलग्यांना लावतात तसा. हातातलं निरांजन ती आरशातल्या चेहऱ्याभोवती सावकाश फिरवत होती, आणि आरशातला तो टिळा लावलेला चेहरा तिच्याभोवती निरांजन फिरवत होता.

विशाखाने दाराची चौकट धरली. आरशात रंगा होता. तीच हनुवटी, तीच किंचित उघडी ओठांची ठेवण. आजारपणात गाल बसण्याआधीचा रंगा. आणि तो मोठा झालेला होता.

"चंद्राला नाही का ओवाळायचं?" तिला स्वतःचा आवाज ओळखू येईना.

"मला भाऊ आहे ना, मग चंद्र कशाला?" जुई वळली नाही. "टीचर म्हणाल्या, पाहुण्या पेशी जखमेकडे धावत जातात. भरून काढायला. माझे टाके किती लवकर भरले, डॉक्टर म्हणत होते ना? मी वणाजवळ टोचून यंत्रात बघितलं. तिथे तो सगळ्यांत जास्त आहे." मग आरशातून आईकडे बघत तिने विचारलं, "याचं नाव काय?"

विशाखा खाली बसली. फरशी गार होती.

"श्रीरंग. आम्ही रंगा म्हणायचो."

एकदा नाव बाहेर पडलं आणि मागचं सगळं ओघळत आलं. ताप, दवाखाना, महिन्याचं रक्त. ती थांबेल असं तिला वाटलं होतं तिथे ती थांबली नाही. गर्भांबद्दल सांगितलं, नाळेबद्दल सांगितलं. जुई निरांजन मांडीवर घेऊन ऐकत होती. मध्ये एकदा तिने वात सारखी केली.

"म्हणजे मी त्याची ओवाळणी होते," ती शेवटी म्हणाली. "पण ओवाळणी तर भावाने घालायची असते ना? बहिणीने नाही."

"जुई..."

"तो आजारी नसता तर तुम्ही मला आणलं असतं?"

याचं खोटं उत्तर विशाखाकडे आठ वर्षं तयार होतं, घासून पुसून लख्ख. ते तिने ओठांपर्यंत आणलं आणि गिळलं.

"नसतं आणलं. तेव्हा मला तू हवी होतीस हेच मला माहीत नव्हतं. तू आलीस, रडलीस, तेव्हा कळलं. आधी नाही कळलं गं."

जुईने निरांजन पाटावर ठेवलं. चेहऱ्यावरून काही समजत नव्हतं.

"तो तुझ्यातही आहे," ती म्हणाली. "माझ्यापेक्षा जास्त असेल. तुला कधी टोचून बघायचं असेल तर सांग."

विशाखाला हसू आलं आणि हसता हसता डोळे भरले. जुईने तिच्या दंडावर हात ठेवला, मोठ्या माणसासारखा.

"ओवाळून झाल्यावर तोंड गोड करायचं असतं. त्याला काय आवडायचं?"

"करंजी. पारी काढून टाकायचा, नुसतं सारण खायचा. शेजारीच वाटी लागायची त्याला."

"आण ना मग."

विशाखा उठली. बैठकीच्या खोलीत निनाद आणि गिरीश खाली माना घालून बसले होते. त्यांच्यासमोरून जाताना तिने निनादच्या खांद्याला नुसता हात लावला. सांगितलं, झालं, आणि आपली मुलगी अजून तिथेच बसलेली आहे, असं त्या स्पर्शात होतं. तिला इतक्या वर्षांत पहिल्यांदा अंग हलकं वाटत होतं. स्वयंपाकघरात तिने डबा उघडला आणि न जळलेल्या, नीट फुगलेल्या करंज्या शोधू लागली.

"आई!" जुईची हाक आली.

"आले गं, थांब जरा."

"आई..."

"थांब म्हटलं ना, डब्यात हात आहे माझा."

मग काही ऐकू आलं नाही.

टिंग.

टिंग-टिंग.

डबा ओट्यावरून खाली आला. करंज्या फरशीभर फुटल्या, त्यातल्या एकीवर तिचा पाय पडला, पण विशाखा थांबली नाही. बैठकीतून निनाद काहीतरी ओरडला, तेही तिने ऐकलं नाही. दार ढकलून ती आत गेली तेव्हा धापा टाकत होती आणि तिचे दोन्ही हात पुढे पसरलेले होते.

निरांजन विझलं होतं. खिडकीतून उरलासुरला उजेड येत होता. आरशासमोर पाटावर, कपाळी उभा टिळा लावलेलं मूल एका हातात वाटी आणि दुसऱ्यात चमचा घेऊन बसलं होतं.

"मी दोनदा हाक मारली," ते म्हणालं. "हाक मारली की तू 'थांब' म्हणतेस. नेहमी. वाटी वाजवली की धावत येतेस. पहिल्या दिवशी पण आलीस, पीठ सांडत. म्हणून मी वाजवते."

विशाखाचे हात अजून पसरलेलेच होते. ते खाली कुठे ठेवायचे, तिला कळेना.

जुईने चमचा वाटीत ठेवला, अजिबात आवाज न करता.

"आई, आत्ता तू कोणाकडे धावत आलीस?"